फर्स्ट कॉपी घड्याळ : हौस कळते, पण डायलवरचं नाव कुणाचं?

लग्नसराई आली की व्हॉट्सॅप स्टेटसवर घड्याळांचे फोटो सुरू होतात. रोलेक्स, ओमेगा, पाटेक फिलिप, ऑडेमार्स पिगे, आणि खाली ओळ, "फर्स्ट कॉपी, सेव्हन ए क्वालिटी, बॉक्ससकट, कॅश ऑन डिलिव्हरी." ज्या रोलेक्स सबमरीनरला शोरूममध्ये दहा लाखांच्या आसपास मोजावे लागतात आणि एवढं करून नंबर लावून थांबावं लागतं, तसंच दिसणारं घड्याळ अडीच-तीन हजारात घरपोच. मग ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, घेऊ का रे? आणि लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते घे की भावा, रोलेक्सवाले काय कोल्हापुरात येऊन तपासणार हायत का. दुसरी म्हणते नकली घालण्यापेक्षा मोकळा हात बरा.

मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, जॉबवर्क करतो आणि घड्याळांचा नाद कॉलेजपासूनचा, त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडं सारखा येतो आणि दर वेळी चहा संपेपर्यंत उत्तर काही पूर्ण होत नाही. म्हणून इथं जरा बैजवार लिहितो.

आधी माल काय असतो ते बघू, कारण सगळे फर्स्ट कॉपी एवढंच बोलतात आणि वस्तू मात्र वेगवेगळ्या असतात. सगळ्यात खालचा माल हजार-दीड हजारापासून सुरू होतो, आत सेलवरचं साधं मशीन, केस, म्हणजे बाहेरची डबी, हलक्या मिश्रधातूची आणि तिच्यावर सोनेरी नाहीतर चंदेरी मुलामा, आणि क्रोनोग्राफच्या, म्हणजे स्टॉपवॉचच्या, ज्या तीन छोट्या डायल दिसतात त्या बऱ्याचदा नुसत्या छापलेल्या, बाजूची बटणं दाबली तरी काही हलत नाही. त्याच्या वर "सगळे क्रोनो चालू" वाला माल. मग ऑटोमॅटिक, म्हणजे सेलशिवाय मनगटाच्या हालचालीवर चालणारं, त्यात जपानी मियोटा किंवा चिनी मशीन बसवलेलं. आणि सगळ्यात वर सुपर क्लोन, ते पंचवीस-तीस हजारांपासून पुढं जातं, स्टेनलेस स्टील, सफायर काच, सिरॅमिकची बेझल म्हणजे काचेभोवतीची कडी, आणि आतलं मशीनसुद्धा झाकण उघडलं तरी रोलेक्ससारखंच दिसावं म्हणून मुद्दाम तसं केलेलं. यातला बराचसा माल चीनमधल्या ग्वांगझूच्या बाजारातून जगभर जातो. एक ध्यानात ठेवा, फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, सेव्हन ए या कशालाच ठरलेलं माप नाही. विकणारा लावेल तो ग्रेड, आणि उद्या तो लावेल त्याच्या वरचा ग्रेडही निघेल.

आता माणूस हे का घेतो? "शो मारायला" एवढं बोलून विषय संपवणं मला पटत नाही. एक तर चांगलं घड्याळ ही वस्तूच वेड लावणारी आहे. मनगट हललं की आतलं अर्धगोल वजन फिरतं, त्यानं स्प्रिंग गुंडाळली जाते, ती स्प्रिंग हळूहळू सुटत राहते आणि तिची ताकद दात्यांच्या चाकांमधून बॅलन्स व्हीलपर्यंत पोचते, आणि ते हलतं तेव्हा तासाला २८,८०० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला आठ. सेल नाही, चिप नाही, चार्जिंग नाही. उद्यमनगरातल्या कुठल्याही टर्नर-फिटरला हे पाच मिनिटं समजावून सांगा, तो घड्याळ हातातून खाली ठेवत नाही. मी हे बघितलंय, म्हणून सांगतो.

दुसरं म्हणजे गोष्टी. १९२६ साली रोलेक्सनं ऑयस्टर ही पाणी न शिरणारी केस काढली, आणि १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची इंग्लंडची जलतरणपटू इंग्लिश खाडीत उतरली तेव्हा ते घड्याळ तिच्या गळ्यात अडकवलेलं होतं. दहा तासांहून जास्त वेळ ती त्या गारठ्यात पोहत होती आणि बाहेर आली तेव्हा घड्याळ चालू होतं. कंपनीनं लगेच डेली मेलच्या पहिल्या पानावर जाहिरात देऊन ते जगाला सांगितलं. १९५३ मध्ये सबमरीनर आलं, पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांसाठी. १९७२ मध्ये जेराल्ड जेंटा या डिझायनरनं ऑडेमार्स पिगेसाठी आठ कोनांचं, वर स्क्रू दिसणारं रॉयल ओक काढलं आणि साध्या स्टीलचं घड्याळ सोन्याच्या भावात विकता येतं हे दाखवून दिलं. पॉल न्यूमन या नटाच्या हातातलं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. एवढं सगळं ऐकून झाल्यावर एखाद्या पोराला वाटलं की आपल्याही हातात तसं काहीतरी असावं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

आणि तिसरं, जे बोलायला लोक लाजतात. मनगट बघून माणसं वागणूक ठरवतात. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत ऑर्डर मागायला गेलेला नवा पोरगा, पहिल्या पगारावरचा सेल्समन, पाहुण्यांपुढं मुलगी बघायला गेलेला भाऊ, यांना त्या दहा मिनिटांत समोरच्यानं हलकं समजू नये एवढंच हवं असतं. ती गरज खरी आहे. दहा लाखांचं घड्याळ घालणाऱ्याची हौस म्हणजे रसिकता आणि अडीच हजारवाल्याची म्हणजे दिखावा, असा न्याय मी तरी करणार नाही.

मग विचारतात की मुळात दहा लाख कशाचे? स्टील तेवढंच, काच तेवढीच, वेळ तर पाचशे रुपयांच्या सेलवरच्या घड्याळात जास्त बरोबर. हे खरंच आहे, आणि याच्यामागं एक इतिहास आहे तो कळला की कॉप्यांचा सगळा धंदा समजतो. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेकोनं ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. आजच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्याच्यापुढं सेकंदाला आठ ठोकेवाल्या यंत्राचा अचूकपणात काय टिकाव लागणार. बघता बघता बरोबर वेळ ही स्वस्त गोष्ट झाली, आणि स्वित्झर्लंडच्या घड्याळ धंद्यात १९७० च्या सुमाराला जे नव्वद हजार कामगार होते ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तीस हजारांच्या आसपास उरले. गावंच्या गावं रिकामी झाली. जे तगले त्यातल्या महागड्या कंपन्यांनी वेळ विकणं सोडून दिलं आणि कारागिरी, परंपरा आणि नाव विकायला सुरुवात केली. म्हणजे आज त्या दहा लाखात जी वस्तू तुम्ही घेता तिचा मोठा हिस्सा म्हणजे डायलवरचं नाव आणि त्या नावामागं उभी असलेली कंपनी, दिवसाला दोन सेकंदांच्या आत पुढं-मागं होईल ही तिची हमी, वीस वर्षांनी सर्व्हिसला नेलं तर मिळणारा पार्ट. आणि नाव छापायला शाईचा एक थेंब पुरतो. इतकी महाग वस्तू इतक्या स्वस्तात छापता येत असेल तर छापणारे निघणारच.

कॉपी इतकी हुबेहूब कशी जमते हेही लोक विचारतात, आणि हा माझ्या कामातला भाग म्हणून जरा सविस्तर. पूर्वी घड्याळाची केस बनवायची तर डाय, प्रेस, हाताचं बफिंग, कसबी माणसं असा मोठा पसारा लागायचा. आता चांगलं सीएनसी मशीन आणि ओरिजिनल पीस समोर असेल तर मापं काढून, थ्रीडी मॉडेल करून, मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढ्याच फरकात केस काढता येते, आमच्याकडचे लोक रोज पंपाचे आणि इंजिनांचे पार्ट त्याच तंत्रानं काढतात. सफायर काच म्हणजे कारखान्यात तयार होणारा स्फटिक, कुणालाही विकत मिळतो. मशीनचं म्हणाल तर ईटीए २८२४ सारखी स्विस मशीनं इतकी जुनी आहेत की त्यांचे पेटंट कधीच संपलेत, त्यामुळं तसंच मशीन स्वित्झर्लंडमधली सेलिटा कंपनीही उघडपणे बनवते आणि चीनमधलेही बनवतात, त्यात बेकायदेशीर काही नाही. फक्त रोलेक्स वापरते ते ९०४एल स्टील साधारण घड्याळांच्या ३१६एल स्टीलपेक्षा कापणाऱ्या टूलला जास्त त्रास देतं, हे ज्यानं स्टील कापलंय त्याला वेगळं सांगायला नको.

मग फरक कुठं राहतो? फोटोत दिसत नाही तिथं. कॉपीवाला वेळ घालवतो तो दिसणाऱ्या भागावर. ज्या कामाला वेळ लागतो आणि जे गिऱ्हाइकाला फोटोत दिसत नाही, म्हणजे प्रत्येक पीस पाण्याच्या प्रेशरखाली तपासणं, मशीनला योग्य जागी योग्य तेवढंच तेल देणं, चाल जुळवून पुन्हा काही दिवस ठेवून बघणं, ते सगळं तिथं गाळलं जातं.

शाहूपुरीत एक जुने घड्याळजी आहेत, त्यांच्याकडं मी कधीमधी बसतो. गेल्या पावसाळ्यात कागल एमआयडीसीत काम करणारा एक पोरगा काळ्या बेझलचं सबमरीनर घेऊन आला. "काका, जरा धुकं आलंय आत." काचेच्या आतून खरंच वाफ धरलेली, तारखेच्या भिंगाखाली एक बारीक थेंब. काकांनी पाठ बघितली, पाठीला काच होती, आतलं मशीन दिसणारी. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, कारण सबमरीनरला कंपनीची पाठ बंद स्टीलची असते, काचेची पाठ दिसली की पुढं बघायची गरजच नाही. पण पोराला काही बोलले नाहीत. पाठ उघडली. मशीनभोवती पांढरी प्लॅस्टिकची रिंग, ती केसच्या मापाला सैल म्हणून मशीन हातात हललेलं कळत होतं. पाणी अडवणारी रबरी रिंग बोटानं उचलली तर ती एका जागी चेपून चपटी झालेली आणि खोबणीत नीट बसलेलीच नव्हती. चावीच्या दांड्याला गंज. डायलवर मात्र सुबक अक्षरात, तीनशे मीटर, हजार फूट.

"नदीत उतरला होतास काय?"

"नाही ओ काका, नुसता गाडीवर भिजलो. यावर तर तीनशे मीटर लिहिलंय."

"लिहिलंय, बाळा. तपासलं कुणी नाही."

पुढं काकांनी त्याला सांगितलं की गंजलेला दांडा आणि दोन चाकं याला सुटी मिळणार नाहीत, अख्खं मशीनच बदलावं लागेल, आणि तेवढ्या पैशात जपानी कंपनीचं साधं नवीन घड्याळ येतं. पोरगा बराच वेळ ते उघडं घड्याळ बघत उभा होता. त्याला कुणी फसवलं होतं असंही नाही, कॉपी म्हणूनच त्यानं घेतलेलं. पण डायलवरच्या ओळीवर त्याचा विश्वास बसला होता, कारण ती ओळ ज्या नावाखाली होती त्या नावावर सगळ्या जगाचा विश्वास आहे.

मला सांगायचं ते इथंच आहे. घड्याळाचा आकार एक, आणि त्यावरचं नाव दुसरं. कायदाही या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. एखादी यंत्रातली युक्ती नवीन असेल तर तिला पेटंट मिळतं, ते २० वर्षं. दिसण्याचं डिझाइन नोंदवलं तर आपल्याकडं जास्तीत जास्त १५ वर्षं. त्यानंतर ते सगळ्यांचं. नावाचं आणि चिन्हाचं मात्र तसं नाही, ट्रेडमार्कची नोंद दर १० वर्षांनी नवी करत गेलं की ती कायम राहते. रोलेक्स हे नाव १९०८ साली नोंदवलेलं आहे आणि अजून त्यांचंच आहे. असं का? कारण आकार लोकांपर्यंत पोचला तर सगळ्यांचं भलंच होतं, पण नाव दोघांनी वापरलं तर गिऱ्हाइकाला कळणार कसं की माल कुणाचा आणि बिघडला तर जबाबदार कोण.

म्हणून आकार उचललेल्या घड्याळाला मी वाईट म्हणत नाही. काळी डायल, फिरणारी बेझल, अंधारात चमकणारे ठिपके हे रूप सबमरीनरचं म्हणून ओळखलं जातं, पण त्याच १९५३ साली ब्लाँपाँ या दुसऱ्या स्विस कंपनीचं फिफ्टी फॅदम्सही जवळपास त्याच रूपात आलं होतं, आणि आज कॅसिओपासून चीनच्या पॅगानी डिझाइन कंपनीपर्यंत कितीतरी जण तसली घड्याळं आपल्या स्वतःच्या नावानं विकतात. कॅसिओचं आठ कोनांचं जी-शॉक २०१९ मध्ये आलं तेव्हा लोकांनी लाडानं त्याला कॅसीओक म्हणायला सुरुवात केली, रॉयल ओकची आठवण येते म्हणून. कुणी त्याला नकली म्हणत नाही. डायलवर कॅसिओ लिहिलंय, बिघडलं तर कॅसिओ बघेल, संपलं. याला घड्याळवाले होमाज म्हणतात. काही होमाज अगदी लाज सोडून नक्कल करतात आणि मला ती आवडत नाहीत, पण तो आवडीनिवडीचा भाग झाला.

आपल्या कोल्हापूरकरांना हा फरक खरं तर कुणी शिकवायची गरज नाही. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी पायताणासारखी सँडल पायात घालून मॉडेल चालवले आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा इथं किती राग उठला होता ते आठवा. चप्पल लाइनपासून मंत्रालयापर्यंत. मग प्राडानं मान्य केलं की ही प्रेरणा भारतीय कारागिरांच्या पारंपरिक पायताणाची आहे, त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटून गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं चर्मोद्योग महामंडळ लिडकर यांच्याबरोबर करारही झाला. आता यातली बारीक गोष्ट बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून, पण जीआय हे नावाला संरक्षण देतं. प्राडानं आकार घेतला आणि नाव गाळलं. त्याच्या उलट आपल्याच महाद्वार रोडला आणि ऑनलाइनवर रेक्झिनची, मशीनवर चिकटवलेली चप्पल "अस्सल कोल्हापुरी" म्हणून विकली जाते, तिथं नाव घेतलंय आणि माल दुसराच. यातलं कापशीतल्या किंवा सुभाषनगरातल्या कारागिराला जास्त कोण मारतं? मला विचाराल तर दुसरं. बाभळीच्या साली आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं, वादीनं हातानं घातलेली शिवण, याला लागणारे दिवस आणि त्याची किंमत एकदा त्या रेक्झिनच्या शेजारी ठेवली की गिऱ्हाईक म्हणतं, नाव तेच आहे मग तुझंच एवढं महाग का? त्या प्रश्नाला कारागिराकडं उत्तर नसतं. फर्स्ट कॉपी घड्याळ नेमकं हेच करतं. तिकडं पैसेवाली कंपनी आहे म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही, इकडं आपला माणूस आहे म्हणून वाटतं, एवढाच फरक.

"पण रोलेक्सला काय फरक पडतो?" हा प्रश्न मी टाळणार नाही. अडीच हजाराची कॉपी घेणारा काही दहा लाखांचं ओरिजिनल घेणार नव्हता, त्यामुळं ती विक्री बुडाली असं म्हणता येत नाही. रोलेक्स ही कंपनी हान्स विल्सडॉर्फ या संस्थापकाच्या नावानं असलेल्या फाउंडेशनच्या मालकीची आहे, कुणा एका शेठजीची नाही, आणि तिच्या घड्याळांना आजही गिऱ्हाइकं वाट बघत थांबलेली असतात. तेव्हा एका कॉपीनं त्यांचं दिवाळं वाजत नाही हे कबूल. पण एकेकाचं छोटं मिळून किती होतं ते बघा. ओईसीडी ही प्रामुख्यानं श्रीमंत देशांची संघटना आणि युरोपियन युनियनच्या बौद्धिक संपदा कार्यालयानं मिळून काढलेल्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगातल्या नकली मालाचा देशादेशांमधला व्यापार ४६४ अब्ज डॉलरचा होता, म्हणजे जागतिक व्यापाराच्या अडीच टक्के. एवढ्या पैशाला बिल नाही, कर नाही, कामगार कोणत्या हालात काम करतो याचा हिशोब मागायला पत्ता नाही. स्वस्त केसवरचा मुलामा घामानं उडाला आणि खालच्या निकेलनं मनगटाला पुरळ आलं तर तक्रार कुणाकडं करणार? स्टेटस टाकणाऱ्याचा नंबर तोवर बदललेला असतो.

कायद्याचं थोडक्यात, कारण यावर उगाच भीती पसरवली जाते. आपल्या ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ नुसार खोटा ट्रेडमार्क लावणं आणि तसला माल विकणं, विकायला मांडणं किंवा विकण्यासाठी जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. स्वतःसाठी एखादं घड्याळ घेऊन घालणारा या कलमात बसत नाही. पण परदेशात हे गृहीत धरू नका. इटलीत नकली माल घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही दंड होतो आणि स्वित्झर्लंडचं कस्टम तर २००८ पासून तुमच्या हातातलं नकली घड्याळ काढून घेऊन नष्ट करू शकतं. हनिमूनला तिकडं जाणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. आणि ग्रुपवर "कुणाला हवंय का, माझ्याकडं चार पीस आलेत" असं टाकणाऱ्या मित्रांनो, तुम्ही त्या क्षणी घालणारे राहिला नाहीत, विकणारे झालात. ओरिजिनल सांगून विकलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूकही आली.

तर मग खरं नुकसान कुणाचं? माझं मत असं झालंय की कॉपी घेणारा पहिला माणूस फसतच नाही, तो तर जाणूनबुजून घेतो. फसतो तो त्याच्या नंतरचा. घड्याळ मोबाइलसारखं दोन वर्षांत टाकलं जात नाही, ते ड्रॉवरमध्ये राहतं, हातातून हातात जातं. मेव्हण्याला लग्नात दिलं, मेव्हण्याला वाटलं दाजींनी दहा लाखांचं दिलं, त्यानं चार जणांत सांगितलं, आणि दुकानात पट्टा लहान करायला गेल्यावर सगळ्यांसमोर कळलं. वडील गेल्यावर मुलानं कपाट उघडलं आणि अडचणीत विकायला घेऊन गेला. किंवा सुपर क्लोन तीस हजाराला घेतलेल्यानं पुढं ओरिजिनल बॉक्स आणि कागद जमवून कुणाला तरी चार लाखांना विकलं, हे तर सरळ सरळ चालतं. याचा परिणाम असा झालाय की खरं वापरलेलं घड्याळ प्रामाणिकपणे विकणाऱ्यावरही आज कुणी विश्वास ठेवत नाही, उघडून दाखव, सर्व्हिस सेंटरचं पत्र आण, ही सगळी उस्तवार त्याला करावी लागते.

आणि ही कीड फक्त परदेशी नावांना लागलेली नाही. आपल्या एचएमटीचंच बघा. १९६१ साली बेंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं सुरू झालेला कारखाना, जनता, पायलट, कांचन, कोहिनूर ही नावं घराघरांत होती, मॅट्रिक पास झालं की मनगटावर एचएमटी. २०१६ ला एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद झाली आणि जुन्या घड्याळांना मागणी आली तशी जुनी मशीनं घेऊन त्यावर नव्यानं छापलेली रंगीबेरंगी डायल चिकटवून "व्हिंटेज एचएमटी, नवाकोरा" म्हणून ऑनलाइन विकायला सुरू झालं. घड्याळवेडे अशा मालाला मुंबई स्पेशल म्हणतात. कंपनीनं कधी काढलंच नाही असल्या भलत्याच रंगाचं पायलट आजोबांची आठवण म्हणून कुणीतरी हौसेनं घेतं. मला याचा रोलेक्सच्या कॉपीपेक्षा जास्त राग येतो, कारण इथं घेणाऱ्याला माहीतच नसतं.

ओळखायचं कसं, हेही विचारतात, तर दोन-तीन गैरसमज तेवढे काढतो. सेकंद काटा टकटक न करता सरकतो म्हणजे ओरिजिनल, हे साफ चूक, कुठल्याही स्वस्त ऑटोमॅटिकचा काटा सरकतोच, फक्त बऱ्याच स्वस्त मशीनांचा सेकंदाला सहा ठोक्यांनी. उलटं मात्र खरं, सबमरीनरचा काटा सेकंदाला एकदा उडी मारत असेल तर ते नक्की नकली. जड आहे म्हणजे खरं, हेही आता राहिलं नाही. तारखेवरचं भिंग खऱ्यात अडीच पट मोठं दाखवतं, स्वस्त कॉपीत तारीख बारीकच राहते. पण सुपर क्लोनपुढं हे सगळं तोकडं पडतं, तिथं पाठ उघडून जाणत्या माणसानं बघणं हाच उपाय, तेव्हा लाखभराचं वापरलेलं घड्याळ फोटोवर घेऊ नका.

ज्याला मनापासून घड्याळाची आवड आहे त्याला मी काय सांगतो? फर्स्ट कॉपीच्या पैशात सेलवरचं टायटन किंवा कॅसिओ घ्या, टायटन म्हणजे १९८४ ला तमिळनाडू सरकार आणि टाटांनी मिळून सुरू केलेली आपली कंपनी, होसूरला कारखाना. ऑटोमॅटिकच हवं असेल तर थोडं थांबून, पैसे साठवून, टायटन, सेको किंवा सिटिझनचं घ्या, सुपर क्लोनपेक्षा कमीतही मिळू शकतं आणि त्याचं मशीन वीस वर्षांनीही शाहूपुरीत उघडता येतं. रोलेक्सच्याच रूपावर जीव असेल तर स्वतःचं नाव लावणारं होमाज घ्या. समोरच्या पार्टीपुढं उभं राहायला ही घड्याळं पुरेशी देखणी आहेत, आणि "कुठलं आहे?" असं विचारलं तर सरळ नाव सांगता येतं. मोठ्या माणसांशी धंद्याचं बोलताना या शेवटच्या गोष्टीची किंमत किती असते ते ज्याला अनुभव आहे त्यालाच माहीत.

आणि ज्यांच्याकडं फर्स्ट कॉपी आधीच आहे, त्यांनी ती फेकून द्यावी असं मी म्हणत नाही. घाला. फक्त कुणी विचारलं तर कॉपी आहे म्हणून सांगा, विकायला काढू नका, भेट म्हणून देऊ नका, आणि बॉक्समध्ये एक चिठ्ठी टाकून ठेवा, म्हणजे तुमच्या मागं ज्याच्या हातात पडेल त्याला कळेल. पाण्यात नेऊ नका, डायलवर काहीही लिहिलेलं असो. आणि घड्याळजीकडं नेताना ओरिजिनल आहे असं सांगून नेऊ नका, ते त्या हिशोबानं जपून उघडतात, पार्ट शोधायला पुण्या-मुंबईला फोन लावतात, आणि त्या नादात बाकीच्या गिऱ्हाइकांची कामं मागं राहतात.